गोण्या कुठून आणल्या?

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. महाविद्यालयाच्या जिन्यावर चार-पाच जणांचे कोंडाळे बसलेले असते. मध्ये एक भरलेली डायरी, भोवती चार कोऱ्या. "ऑगस्टात काय लिहिलंयस?" "वृक्षारोपण, चार तास." "मग मी तीन लिहितो. सगळ्यांचं सारखं नको दिसायला." रॅली दोन तास, परिसर स्वच्छता तीन तास, पथनाट्याची तालीम पाच तास. निळ्या रिफिलमध्ये सुरू झालेली समाजसेवा नोव्हेंबरपर्यंत काळ्या रिफिलवर येते आणि चहा थंड व्हायच्या आत वर्ष संपते. उद्या सरांची सही झाली की काम फत्ते.

ज्या योजनेची ही डायरी, ती मुळात मोठ्या मनाने सुरू झालेली आहे. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतले 40 हजार विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) उभी राहिली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा हिशेब. बोधचिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक. ब्रीद असे की माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी. जिन्यावरच्या मंडळींनी ते नकळत फिरवून घेतलेले असते, इतकेच.

त्या मुलांना नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. त्यांना कुणीतरी सांगितलेले असते, "नुसत्या मार्कांवर काही होत नाही, सीव्हीवर काहीतरी पाहिजे." सांगणारा खोटे बोलत नसतो. नोकरीच्या मुलाखतीत, व्यवस्थापनाच्या प्रवेशात, परदेशी विद्यापीठांच्या अर्जात अभ्यासापलीकडचे काय केले हे विचारतातच. फक्त त्या "काहीतरी"चा अर्थ आपल्याकडे प्रमाणपत्र असा घेतला जातो, आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते.

याची सवय लहानपणीच लागते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची श्रेणी दहावीच्या गुणांत भर घालते, खेळातले प्रावीण्यही घालते. हेतू चांगला आहे. पण घराघरांत त्याचे भाषांतर "ही परीक्षा देऊन टाक, सात मार्क आहेत" असेच होते. पुढे महाविद्यालयात पारदर्शक कप्प्यांची ती जाडजूड फाइल तयार होते. सहभाग प्रमाणपत्र, उपस्थिती प्रमाणपत्र, कार्यशाळा, वेबिनार, प्रश्नमंजूषा. टाळेबंदीच्या काळात तर घरबसल्या गूगल फॉर्म भरला की ई-मेलवर प्रमाणपत्र पडत असे. त्या दोन वर्षांतल्या फाइली वजनाला सर्वांत भारी.

मराठी घरात बायोडेटा म्हटले की आधी लग्नाचाच आठवतो. रास, नाडी, गोत्र, मामाचे आडनाव आणि शेवटी "आवड: वाचन, संगीत, प्रवास". ही ओळ कुणी गंभीरपणे घेत नाही, लिहिणारा तर नाहीच. गंमत अशी की नोकरीच्या बायोडेटातही ती तशीच येऊन बसते. पण तिथे पलीकडे बसलेला माणूस ती वाचतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षेचे 1750 आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे 275 गुण असतात, आणि त्या चाचणीत उमेदवाराने तपशीलवार अर्जात लिहिलेले छंद, खेळ, भूषवलेली पदे हेच अनेकदा संभाषणाचे दार ठरते. "ट्रेकिंग" लिहिणाऱ्याला राजगडाला माच्या किती असे विचारले, की पद्मावती, सुवेळा, संजीवनी ही तीन नावे ओठांवर यायला हवीत. त्याहून बरे म्हणजे संजीवनीच्या चिलखती बुरुजांच्या जिन्यात अंधारात आपण कुठे अडखळलो, हे आठवायला हवे. पहिले उत्तर विकिपीडियावर मिळते. दुसरे मिळत नाही, आणि मुलाखत घेणारा त्याचीच वाट बघत असतो.

सीव्हीवरच्या ओळीचे एवढेच गणित आहे. तिच्या मागे सांगण्यासारखे काय आहे?

शिबिरातल्या वनराई बंधाऱ्याचेच घ्या. पाऊस सरला, ओढा अजून वाहतो आहे, तेवढ्यात पाणी अडवायचे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती आणि वाळू भरायची, दाभण-सुतळीने तोंडे शिवायची आणि भिंतीत विटा रचतात तसे सांधे चुकवत थर चढवायचे. गोणी गच्च भरली की बसत नाही, लोळते. थोडी रिकामी ठेवली की खालच्या गोणीवर पसरून बसते. ही गोष्ट पहिला थर कोसळल्यावर कळते आणि बहुतेक वेळा ओढ्याकाठी विडी ओढत बसलेले एखादे आजोबा ती सांगतात. या कामात हिशेब असतो, मनधरणी असते, फजिती असते. शंभर माणसांचा स्वयंपाक, पाण्याचा टँकर, रात्री शाळेच्या वर्गात झोपायला सतरंज्या आणि "आमच्या बांधावर माती टाकू नका" म्हणणारा शेतकरी. सात दिवसांत विशीतल्या मुलीला जेवढे व्यवस्थापन शिकायला मिळते, तेवढे व्यवस्थापनाच्या पहिल्या सत्रात शिकवत असतील का, याची शंका आहे.

आणि मग ती सीव्हीवर काय लिहिते? "एनएसएस स्वयंसेवक. विविध उपक्रमांत सक्रिय सहभाग."

हे वाक्य कुणाच्याही सीव्हीवर चालते, म्हणून ते कुणाचेच नाही. "सक्रिय", "विविध", "उल्लेखनीय" हे तीन शब्द काढून टाकले तर अर्ध्या सीव्हींचा तो रकाना कोरा पडेल. त्याऐवजी तिने लिहावे की सात दिवसांच्या शिबिरात साहित्य जमवण्याची जबाबदारी तिच्याकडे होती, इतक्या गोण्या कुठून कुठून गोळा केल्या, इतक्या मीटरचा बंधारा बांधला. आकडा खरा असावा, लहान असला तरी बिघडत नाही. ओळ वाचून समोरचा सहज विचारेल, "गोण्या कुठून आणल्या?" ज्याने फक्त डायरी उतरवली, तो इथे गडबडतो. जी उन्हात उभी होती, ती थांबायची नाही.

प्रमाणपत्रे सरसकट निरुपयोगी आहेत असेही नाही. एनसीसीचे "सी" प्रमाणपत्र बघा. त्यासाठी वर्षानुवर्षे परेड, शिबिरे, नकाशावाचन आणि शेवटी परीक्षा द्यावी लागते. म्हणूनच चांगली श्रेणी मिळवलेल्या पदवीधराला लष्कराच्या एनसीसी विशेष प्रवेशातून संयुक्त संरक्षण सेवेची (सीडीएस) लेखी परीक्षा न देता निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. कागदाला किंमत आली ती त्याच्यामागच्या मोजमापामुळे. पुढे निवड मंडळ पाच दिवस माणूस पारखते, तेव्हा कागद बाहेरच राहतो.

पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरत नाट्य मंदिराबाहेर "अरे आव्वाज कुणाचा" अशा आरोळ्या ऐकू येऊ लागल्या की पुरुषोत्तम करंडक सुरू झाला असे समजावे. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासूनची. 2022 साली परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची वाटली नाही आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. त्यावर केवढा गदारोळ झाला! पण सगळ्यांना सगळे वाटून टाकणाऱ्या या काळात कुणीतरी "नाही" म्हणाले, म्हणूनच त्या करंडकाचे नाव सीव्हीवर वजनदार दिसते. आणि नाटकातली खरी कमाई दर वेळी नटाचीच असते असे नाही. विंगेत कागद हातात धरून प्रकाशाचे क्यू देणारा, कोथरूडहून उसना सोफा टेम्पोत घालून आणणारा आणि संध्याकाळी सातनंतर तालमीला वर्ग उघडा ठेवावा म्हणून शिपाईमामांची समजूत काढणारा. या शेवटच्या माणसाला कंपन्या मोठ्या पदनामाने नोकरीवर घेतात. तो मात्र सीव्हीवर "बॅकस्टेज" एवढाच शब्द टाकून मोकळा होतो.

एकाच महाविद्यालयाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. साठच्या दशकातले पुण्याचे बी. जे. मेडिकल. तिथे शिकणारे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे नाटकात रमले. पटेल बालरोगतज्ज्ञ झाले, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आणि 1972 साली "घाशीराम कोतवाल" रंगभूमीवर आले, तेव्हा दिग्दर्शक पटेल होते, नाना फडणवीस आगाशे. तिथलेच अनिल अवचट बिहारच्या दुष्काळात गेले आणि 1969 साली त्यांचे "पूर्णिया" हे पहिले पुस्तक आले. तिथलेच कुमार सप्तर्षी युवक क्रांती दलाच्या उभारणीत होते. तिकडे मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात नरेंद्र दाभोलकर नावाचा विद्यार्थी कबड्डीचे मैदान गाजवत होता. पुढे त्यांना या खेळासाठी शिवछत्रपती पुरस्कारही मिळाला. सीव्हीसाठी यांतल्या कुणी काही केल्याचे ऐकिवात नाही. अर्थात त्यांची उदाहरणे देऊन आजच्या मुलांना बोल लावणे सोपे आणि अन्यायाचे आहे. तेव्हा डॉक्टर झाला की पोट भरण्याची चिंता मिटत असे. आज अभियांत्रिकीची पदवी हातात घेऊन मुलगा तलाठी भरतीचा अर्ज भरतो. त्याने एखादे काम "पुढे उपयोगी पडेल" म्हणून हाती घेतले तर त्यात लाजण्यासारखे काय?

उलट, आत शिरण्याचे कारण काहीही असो, आत शिरल्यावर माणूस बदलण्याची शक्यता असते. बाबा आमटे यांनी 1967 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात पहाटे उठून घमेली उचलायला तिथे जाणारी सगळीच मुले ध्येयवेडी नसतात. कुणी मित्राच्या आग्रहाखातर जातो, कुणी घरच्या कटकटीतून सुटका म्हणून, कुणी जाते ती मैत्रीण जाते म्हणून. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या "निर्माण"च्या शिबिरांतही तरुण बहुतेक वेळा प्रश्न घेऊनच येतात, उत्तरे घेऊन नव्हे. हेतूची शुद्धता तपासत बसण्यापेक्षा दुसऱ्या वर्षी तो परत आला का, एवढे बघावे. सीव्ही वाचणाराही तेच बघतो. बारा ठिकाणी एकेक दिवस गेलेल्यापेक्षा एका ठिकाणी दोन वर्षे टिकलेला आणि दुसऱ्या वर्षी जबाबदारी घेतलेला उमेदवार त्याला जवळचा वाटतो.

परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. अमेरिकेतली शेकडो विद्यापीठे "कॉमन अ‍ॅप" या एका अर्जावर प्रवेश देतात. त्यात अभ्यासेतर कामांसाठी जास्तीत जास्त दहा रकाने असतात आणि प्रत्येक कामाच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरे. वाक्ये नव्हेत, अक्षरे, मधल्या मोकळ्या जागा धरून. जोडीला आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे, हेही भरायचे. हे दहाही रकाने भरलेच पाहिजेत अशी समजूत पालकांत पसरली आणि मुंबई-पुण्यात तिच्यावर एक व्यवसाय उभा राहिला. पैसे मोजले की आठवीपासून "प्रोफाइल" घडवून देतात. मुलाच्या नावाने संस्था, संस्थेचे संकेतस्थळ, झोपडपट्टीतल्या मुलांसोबत छायाचित्रे. प्रवेश मिळाला की संस्था बंद, आणि छायाचित्रातली मुले पुढच्या संस्थेची वाट बघतात. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून जानेवारी 2016 मध्ये "टर्निंग द टाइड" हा अहवाल निघाला, त्यात नेमके याविरुद्ध म्हटले होते. कामांची संख्या नको, खोली बघा. दूरदेशी जाऊन केलेल्या दिखाऊ सेवेपेक्षा आपल्या वस्तीतले, टिकून केलेले काम मोलाचे माना. घरची जबाबदारी पेलणाऱ्या मुलांची ती जबाबदारीही मोजा.

यातली शेवटची सूचना महाराष्ट्रासाठी लाखमोलाची आहे. त्या अमेरिकी अर्जात कामाचा प्रकार निवडायची जी यादी आहे, तिच्यात खेळ आणि वादविवादाच्या बरोबरीने "पगारी काम" आणि "कौटुंबिक जबाबदाऱ्या" हेही पर्याय आहेत. आपल्याकडे हेच काम मुले लपवतात.

गावातल्या दूध डेअरीवर पहाटे साडेपाचला बसणारी बारावीची मुलगी डोळ्यांपुढे आणा. एकेक किटली येते, माप होते, नमुना यंत्राला लागतो, फॅट आणि एसएनएफचा आकडा येतो, त्यावर दर ठरतो. फॅट कमी लागली की काका आवाज चढवतात, "यंत्रच बिघडलंय तुझं." ती पुन्हा नमुना लावून दाखवते, आकडा तोच येतो, काका पुटपुटत निघून जातात. दर दहा दिवसांनी पगारपत्रक जुळवायचे, उचल वजा करायची. आठ वाजता दप्तर घेऊन एसटीत. गुणवत्ता तपासणी, रोखीचा हिशेब, चिडलेल्या ग्राहकाशी बोलणे हे सगळे ती रोज करते आणि बायोडेटावर "अनुभव: नाही" लिहिते. बीडच्या ऊसतोड कुटुंबातला मुलगा मुकादमाकडच्या उचलीचा हिशेब आई-वडिलांना वाचून दाखवतो, मागे राहिलेल्या भावंडांचे सगळे बघतो, तोही तेच लिहितो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि कमवून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. विद्यापीठांतली "कमवा व शिका" योजना त्याच वाटेवरची. तिथे वाचनालयातली पुस्तके लावणारा, बागेला पाणी घालणारा विद्यार्थी शिक्षण स्वतःच्या हिमतीवर उभे करत असतो. त्याची ओळ सीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागात हवी, आणि ती संकोच न करता लिहावी हे त्याला महाविद्यालयातल्या कुणीतरी सांगायला हवे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ते सांगायला घरात काका-मामा असतात. फरक बराचसा एवढाच असतो.

तीच गत गणेश मंडळाची. मंडळातला पोरगा म्हणजे उनाड, ही समजूत घरोघरी आहे. पण नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क नुसार धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. मंडपासाठी पालिका, मिरवणुकीसाठी पोलीस, विजेच्या तात्पुरत्या जोडणीसाठी वीज कंपनी, निवासी भागात आवाजाची दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा. दहा दिवसांनंतर पावती पुस्तके जुळवून जमाखर्च मांडायचा आणि तो वर्गणीदारांसमोर ठेवायचा. एकोणीस वर्षांचा खजिनदार हे सगळे निभावत असेल तर बँकेच्या मुलाखतीत त्याने ते सांगितलेच पाहिजे. फक्त डीजेचा विषय निघाला तर उत्तर तयार ठेवावे.

आता या सगळ्याला सरकारी चौकटही मिळाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांची रचना बदलली आणि क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग, सहअभ्यासक्रम, कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले. एनएसएस, एनसीसी, खेळ, कला आता अभ्यासाबाहेरचे राहिले नाहीत. स्वागत करावे अशीच ही गोष्ट आहे आणि धास्ती वाटावी अशीही. श्रेयांक आले की नोंद आली, नोंद आली की डायरी आली आणि डायरी आली की तो जिना आलाच. एका प्राध्यापकाकडे शे-दीडशे विद्यार्थी दिले तर ते तास मोजतील, काम बघणार कधी?

यावर उपाय फार खर्चाचा नाही. सहभागाची छापील प्रमाणपत्रे वाटणे महाविद्यालयांनी बंद करावे. त्याऐवजी ज्याने खरोखर काही केले, त्याला कार्यक्रम अधिकाऱ्याने अर्ध्या पानाचे पत्र द्यावे. त्यात नेमके काम, कालावधी, जबाबदारी, आणि काय फसले तेही. अशी पत्रे वर्षाला दहाच निघतील, निघू देत. श्रेयांकांसाठी डायरी तपासण्याऐवजी दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्यावी आणि शक्य असेल तिथे दत्तक गावातल्या एखाद्या माणसाला परीक्षक म्हणून बोलवावे. ओढ्याकाठच्या त्या आजोबांना बोलवले तर उत्तमच. ते एका प्रश्नात निकाल लावतील.

"गोण्या कुठून आणल्या?"

जिन्यावरचा मुलगा म्हणेल, "कॉलेजने दिल्या." आणि जी ओढ्यावर होती ती सांगू लागेल: सरपंच पाचशे देतो म्हणाले होते, आल्या दोनशे, त्यातल्या निम्म्या फाटक्या. मग घरकुलांची बांधकामे चालू होती तिथे दोघी जणी गेलो, गवंड्याने आधी हाकलले, दुसऱ्या दिवशी चहा दिला आणि गोण्याही दिल्या. पण तोवर दुपार झाली होती, आणि दाभण एकच होते.